गेलेल्यांची नावं

आमच्या बदलापूरच्या बेलवलीतल्या सोसायटीत वरच्या मजल्यावरच्या मुलाला मेलेल्या माणसांची जेवढी काळजी होती, तेवढी जिवंत माणसांची आम्हा कुणालाच नव्हती. मुलगा म्हणायचं ते सवयीनं. माझ्या डोळ्यांदेखत तो पंचविशी ओलांडून गेला. त्याचे वडील अंबरनाथला एका कारखान्यात फिटर होते, मग आखातात गेले आणि परत आले ते मॉर्मन होऊन. हा ख्रिस्ती धर्मातूनच निघालेला एक पंथ, एवढं कळायला कॉलेजच्या ग्रंथालयात जन्म काढलेल्या मलाही पुस्तक उघडावं लागलं. त्या पंथातली तरुण मुलं दोन वर्षं घरदार सोडून प्रचाराला जातात. हा एकोणिसाव्या वर्षी फिलिपिन्समध्ये, मनिलाला गेला. तिथं त्याच्या खिशावर एक काळी पाटी असे आणि तिच्यावर ‘एल्डर’ लिहिलेलं असे. त्याच्या आईनं माझ्या बायकोला त्याचा अर्थ सांगितला, “म्हणजे वडीलधारे.” बायको म्हणाली, “अगं बाई, अजून धड मिशी नाही फुटली, आणि वडीलधारे कसले?”

मनिलात प्रचारकानं एकट्यानं फिरायचं नाही, असा नियम होता. दोघांनी निघायचं, दोघांनी परतायचं; जोडीदार सतत नजरेच्या आणि हाकेच्या टप्प्यात हवा. सुटका काय ती न्हाणीघरापुरती. दोन वर्षांनी तो परत आला. जोडीदार आपल्या देशात निघून गेला, पण सवय याच्याबरोबर बदलापूरला आली. रस्त्यानं चालताना तो डाव्या हाताला बरोबर एका माणसाची जागा सोडून चाले. समोरून येणारी माणसंही, का कोण जाणे, त्या जागेला वळसा घालून जात. आमच्या घरात शिरला की क्षणभर दार धरून उभा राही आणि मग लोटून घेई. रिक्षात कोपऱ्यात अंग चोरून बसे. “कुठं निघालास?” विचारलं तर म्हणे, “आम्ही जरा मार्केटला.” सोसायटीत नवा वॉचमन आला, तेव्हा चौथ्या दिवशी संध्याकाळी त्यानं मला जिन्यापाशी गाठलं. “काका, ऊपरवाला लडका दोपहर को अकेला निकल गया. साथ में जो दूसरा आया था, वो अभी तक नीचे नहीं उतरा.” मी हसलो, त्याला सगळं समजावलं, आणि घरात जाताना जिन्याच्या वरच्या वळणाकडे दोनदा पाहिलं.

बेल वाजवणं त्याला जमतच नसे. दाराबाहेर हात बांधून उभा राही आणि हळू आवाजात हाक मारी, “ताओ पो!” मनिलातल्या गल्ल्यांमध्ये म्हणे असंच म्हणतात, अर्थ एवढाच, की माणूस आलाय. दिवेलागणीला बंद दाराबाहेरून हे ऐकू आलं की मला कसंतरीच होई. एकदा मी विचारलं, “अरे, माणूसच येणार ना! ते सांगायला कशाला हवं?” तो शांतपणे म्हणाला, “काका, तिकडचे जुने लोक म्हणतात, दाराशी बाकीचेही येतात. ते असं सांगत नाहीत.” बायको आतून म्हणाली, “ये रे बाबा माणसा, सरबत केलंय.” त्यांच्यात चहा चालत नाही. सगळी बिल्डिंग त्याच्यापुढे चहाचा कप धरून हरली होती. कोकमाचं सरबत हा शोध तिचा.

मनिलातलं त्याचं पहिलं वर्ष एका जुन्या कब्रस्तानाच्या आसपास गेलं. तिथं गरीब कुटुंबं थडग्यांमध्येच संसार थाटून राहतात. तो सांगायचा, एका थडग्यावर टीव्ही असे, दुसऱ्यावर पोरं गृहपाठ करत, तिसऱ्यावर आजी दुपारची आडवी होई. झोपण्याआधी ती खालच्या माणसाला त्याच्या नावानं सांगे, जरा पाठ टेकते हं. ती त्याची कुणीच नव्हती. नाव दगडावरून वाचलेलं. तिथूनच याला नावांचा नाद लागला असावा. त्यांच्या पंथात गेलेल्या माणसांसाठी एक विधी असतो. त्यांच्या मंदिरात एक जिवंत माणूस पाण्याच्या कुंडात उतरतो, मृताचं नाव मोठ्यानं घेतलं जातं आणि जिवंत माणूस त्याच्या वतीनं बुडी मारतो. त्यासाठी आधी नाव लागतं. म्हणून हा निळ्या पुठ्ठ्याची एक जाड वही घेऊन सगळ्यांना विचारत फिरे, “तुमच्यात कोण कोण गेलंय?” सोसायटीचे सेक्रेटरी एकदा भडकले, “धर्म बदलायला निघालास काय रे आमचा?” तेव्हा हा म्हणाला, “जिवंत माणसांना मी काहीच सांगत नाही, काका. आणि घरचे हो म्हणाल्याशिवाय कुणाचंच नाव पुढं पाठवत नाही.” सेक्रेटरींना यावर रागवावं की घाबरावं ते कळेना.

नोकरी होती उल्हासनगर कॅम्प दोनमध्ये, एका सिंधी शेठच्या शेरवानीच्या दुकानात. तिथं नवरदेवाच्या खांद्याचं माप घेता घेता हा विचारी, “तुमच्या पणजीचं नाव काय होतं?” शेठ कपाळाला हात लावी. “अरे साईं, यहाँ शादी का माल बिकता है, श्राद्ध का नहीं! दूल्हा भाग जाएगा मेरा!” पण एका मंदीच्या दुपारी त्याच शेठनं शटर अर्धं खाली ओढलं, समोर बसला आणि फाळणीत सिंधमधून निघताना वाटेत राहिलेल्या माणसांची सात नावं एकामागून एक सांगितली. सातवं नाव एका मुलीचं होतं. तेवढं बोलून तो उठला, शटर वर केलं आणि ओरडला, “अब क्या मुँह देखता है, वो मरून वाला पीस निकाल!”

जवळच्या जांभूळ गावी त्याच्याबरोबर एकदा मीही गेलो होतो. तिथल्या एका म्हाताऱ्या शेतकरीण बाईंनी ओटीवर बसून अठरा नावं धडाधड सांगितली, पार खापरपणज्यापर्यंत. एकोणिसावं नाव त्यांच्या धाकट्या दिराचं निघालं. तेवढ्यात मागून गोठ्याच्या दारातून आवाज आला, “मना कश्याला घालतंस त्याच्यान? मी जिता हाय ना!” वळून पाहिलं तर दीर दोर हातात धरून उभा. म्हातारी जराही बावरली नाही. “माज्या शेताचा बांध कोरलास तवाच मेलास तू मना. लिव रे पोरा.” दीर बिचारा खरोखरच पांढरा पडला होता. नाव खोडल्याचं त्यानं स्वतः वाकून पाहिलं, दोनदा, आणि मगच दोर खाली टाकला.

गेल्या माघात माझी बायको गेली. तेरा दिवस वरच्या मुलानं वहीचा विषय काढला नाही. रोज संध्याकाळी दाराशी हाक मारायचा आणि माझ्याबरोबर नदीच्या बाजूला फिरायला यायचा. चौदाव्या दिवशी म्हणाला, “काका, काकूंचं नाव देता?” मी त्याला घराबाहेर काढलं. माझा आवाज जिन्यात किती चढला होता, ते मला दुसऱ्या दिवशी लोकांच्या तोंडांवरून कळलं. तिनं जन्मभर आपल्या कुलदेवीचे उपास केले. तिला कुठल्यातरी परक्या पाण्यात उतरवणारा मी कोण? त्यानं वाद घातला नाही. पुन्हा विचारलंही नाही. संध्याकाळी मात्र दाराबाहेर होताच.

मग मनिलात त्याला नोकरी मिळाली आणि तिथल्याच एका मुलीशी लग्न ठरलं. निघायच्या आदल्या दिवशी तो भेटायला आला. बराच वेळ बसला. शेवटी म्हणाला, “काका, शेवटचं विचारतो. बायकांसाठी बाईच पाण्यात उतरते. काकूंसाठी माझी होणारी बायको उतरेल. तुम्ही नको म्हणालात तर विषय संपला.”

मी म्हटलं, “आणि ती नको म्हणाली तर?”

“कोण?”

“तुझी काकू.”

“मग नाही, काका. तो त्यांचा हक्क असतो. आपण फक्त विचारायचं. गेलेल्या माणसानं नको म्हटलं, तर झालेलं काहीच त्याला लागू होत नाही.”

हे मला ठाऊक नव्हतं. आमचं लग्न ठरलं तेव्हा ती मला आधी नको म्हणाली होती. हे तिनंच मला दहा वर्षांनी, मटार सोलता सोलता, हसत सांगितलं होतं. तिच्या घरी ते कुणी कानावर घेतलं नाही. लग्नात तिचं नाव बदललं, तेही मी. पुस्तकं वाचणारा तरुण होतो, ताटातल्या तांदळांवर अंगठीनं ‘मृणालिनी’ लिहिलं आणि स्वतःवर खूश झालो. तिला आवडलं का, हे मी विचारलं नाही. तिच्या माहेरी ते कुणाला धड म्हणता येईना. मी स्वतः पस्तीस वर्षं ‘अगं’ म्हणून निभावलं.

“लिही,” मी म्हणालो.

“मृणालिनी...”

“नाही. जन्माचं नाव लागतं ना तुला?” “द्वारका.” माझ्याच घरात मी ते पहिल्यांदा मोठ्यानं म्हटलं, आणि आतल्या खोलीकडे पाहिलं. तिथं कुणी नव्हतं. त्यानंही तिकडेच पाहिलं, मग वहीत मान घालून सावकाश लिहिलं आणि तिच्या वडिलांचं नाव, गाव विचारून घेतलं. जाताना माझ्या पाया पडला. त्यांच्यात पाया पडतात की नाही, मला माहीत नाही.

तीन महिन्यांनी त्याचा निरोप आला. “आज झालं, काका. नाव नीट उच्चारलं गेलं. हिनं आठवडाभर घोकलं होतं.”

द्वारका काय म्हणाली, हे कळायची काही सोय नाही. हो म्हणाली असेल तर तिचं तिला माहीत. पण नको म्हणाली असेल, तर या खेपेला कुणीतरी ते ऐकलं असेल.