नलूच्या पिशव्यांचं वाण

थापा मी आयुष्यभर मारत आलेय. आमच्या बोरिवलीच्या घरात एकदा एवढा मोठा उंदीर निघाला की मांजरानं बाजूला होऊन त्याला वाट दिली — हे मी इतक्यांदा सांगितलंय की आता मलाच तो उंदीर आठवतो. पण ही एक गोष्ट नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हालाच सांगते. थाप नाही.

समोरच्या दारात नलू राहायची. तिचं एक खूळ होतं — घरातून कचरा कमी काढायचा. आम्ही हसायचो, तर तीही हसायची. "अगं, सगळं कुठे जमतंय मला? या महिन्यात पिशव्या. भाजीची सालं कुंडीत घालायचं पुढच्या महिन्यात बघू." तिची कचऱ्याची बादली दोन दिवसांनी भरायची. माझी दिवसातून दोनदा! झाडूवाली माझ्या दाराशी आली की आधी कपाळाला हात लावायची, मग बादलीला.

मला काय त्याचं? — पण होतं ना! जुन्या साड्या बोहारणीला देऊन मी एवढी स्टीलची भांडी जमवलेली की मांडणीकडे बघताना डोळे दिपावेत. ढुंकून कोणी बघेल तर शपथ. बायका सगळ्या समोर, नलूकडे.

त्या संक्रांतीला मी वाण म्हणून प्लॅस्टिकचे डबे लुटले. नलूनं जुन्या साड्यांच्या पिशव्या शिवल्या होत्या — काठ वर घेऊन, आत अस्तर लावून. "कसलं झकास गं, नलू!" एकीनं तर माझ्यादेखत माझा डबा नलूच्या पिशवीत टाकला.

दुसऱ्या दिवशी गच्चीत कपडे वाळत घालताना मी पेडणेकरकाकूंना एवढंच म्हटलं, "बरं झालं ना काकू, नलूच्या सासूबाईंच्या साड्या सत्कारणी लागल्या."

बस. सासू विधवा, दिवाळीच्या आधीच गेलेली. हळदीकुंकवाचं वाण — आणि तिच्या साड्यांचं? काकूंचा चिमटा हातातच राहिला.

मला खरं माहीत नव्हतं का? पक्कं माहीत होतं, साड्या नलूच्याच होत्या. त्यातली मोरपंखी साडी नेसून नलू माझ्याच मुलीच्या बारशाला आली होती.

संध्याकाळपर्यंत बिल्डिंगभर झालं. नलूला कोणी विचारलं नाही — असलं तोंडावर विचारतंय कोण? सकाळी जिन्याखालच्या कचऱ्याच्या पिंपात अकरा पिशव्या. मी वरून वाकून मोजल्या. नलूनं एकेक बाहेर काढली, झटकली, खांद्यावर टाकली. तिनं मान वर केली असती तर मी दिसले असते.

पुढच्या संक्रांतीला तिनं प्लॅस्टिकच्या वाट्या लुटल्या. मी म्हटलं, "हे बरं केलंस हो, नलू." तिनं माझ्या कपाळाला कुंकू लावलं आणि पुढचीकडे वळली. त्याच वर्षी ते लोक मुलुंडला राहायला गेले.

मग मी — कसं सांगू? — एकेक करून तिचं सगळं उचललं. आधी पिशव्या. सहा महिन्यांनी सालं कुंडीत. सगळं नाही जमत, दुधाची पिशवी अजून फेकतेच. पण बायका आता माझ्याकडे येतात. परवा नव्यानं राहायला आलेल्या एकीनं विचारलं, "वहिनी, हे शिकलात कुणाकडून?"

मी म्हटलं, "आईकडून."

माझ्या आईला सुईत दोरा ओवता येत नव्हता.