विहिरीचा राखणदार

माझा मामा बेटावरच्या विहिरीचा राखणदार होता. त्याला कुणी नेमलं नव्हतं, पण तोरा मोठ्या साहेबाचा. चारी बाजूंनी समुद्र आणि मधोमध ही गोड विहीर, हे तो अशा थाटात सांगायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, यानेच खणली. होडीतून उतरलेल्या माणसाचं नाव विचारायच्या आधी त्याच्या हातात पेला. "प्या आणि सांगा, पलीकडे मिळतं का असं?" पाहुणा बिचारा काय सांगणार!

विहीर खारट झाली ती इतकी हळूहळू की तिथल्या जिभांना पत्ताच लागला नाही. डाळ शिजेना, तर डाळ जुनी. साबणाला फेस येईना, तर साबण बनावट. चहा फाटला की सगळं बेट मिळून पलीकडच्या दूधवाल्याचा उद्धार करायचं. मला मामा-मामीनेच वाढवलेलं, त्यामुळे मीही त्यात हिरिरीने असायचे. मग लग्न होऊन मी पलीकडे गेले. वर्षाने परत आले, पहिला घोट घेतला आणि तिथेच थुंकले. मामाने बरेच दिवस अबोला धरला. "नळाचं पाणी पिऊन जीभ बिघडली हिची," एवढंच मामीला म्हणाला.

पुढे मामीचे पाय सुजायला लागले. पलीकडच्या डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला, मूत्रपिंडं तपासली आणि मीठ बंद केलं. मामी मुकाट्याने अळणी जेवायची आणि वर विहिरीचं पाणी प्यायची. दाब उतरणार कसा? मी डॉक्टरांना पाण्याचं सांगितलं. ते म्हणाले, आधी ते पाणी बंद करा. मी होडीबरोबर नळाच्या पाण्याचे कॅन पाठवू लागले. त्या पाण्याने मामाने होडी धुतली.

"राखणदाराच्या घरात पलीकडचं पाणी? लोक तोंडात शेण घालतील माझ्या!"

मी त्याला नाही नाही ते बोलले. मामीच मध्ये पडली. "जाऊ दे गं. मला तर गोडच लागतं." झालं, मामाची छाती फुगली. मला दोघांचाही राग आला. अजून येतो.

शेवटी तिला पलीकडच्या दवाखान्यात आणावं लागलं. मूत्रपिंडं जवळजवळ बंद पडली होती. डॉक्टर म्हणाले, आता पाणीसुद्धा दिवसाला एकच पेला. मामाने विहिरीच्या पाण्याचा कॅन भरून आणला होता. नर्सने थेंबभर चाखलं, तोंड वाकडं केलं आणि सगळं मोरीत ओतलं. "आजोबा, हे समुद्राचं आणलंत की काय?"

मामा भडकला नाही. नळापाशी गेला, ओंजळीने घोटभर प्यायला आणि कितीतरी वेळ नळ बंद करायचं विसरला. मग पेला भरून आणला आणि मामीच्या ओठांना लावला.

"घे. आपल्या विहिरीचं आहे."

तिने एका दमात संपवलं. "अहो, हे आपलं नाही."

"कशावरून?"

"आपलं खारट असतं."

मामाचा चेहरा मला बघवेना. "तुला कळत होतं? मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला काय पाजलं असतं?" ती ओठांवरून जीभ फिरवत म्हणाली. "किती छान आहे हो हे. अजून एक पेला द्या ना."

मामा रिकामा पेला धरून बसून राहिला.