मुक्कामाला आलेलं अक्षर

सोलापुरात आमच्या गिरणीच्या चाळीत दुपारी बायकांना लिहायला-वाचायला शिकवायचे. तिथं एक बाई माझ्याशेजारी बसायची. माळशिरसाकडून आलेली, एवढंच ठाऊक. नाव विचारायचं राहूनच गेलं. मला फळ्यावर अक्षर दिसलं की यायचं. तिला एकेका अक्षराला आठवडा लागे. वर्ग सुटेपर्यंत ती गुडघ्यावर बोटानं तेच अक्षर गिरवत राही. घरी परातीत ज्वारीचं पीठ पसरलं की त्यात अक्षर काढते आणि त्यावरच भाकरी थापते, असं सांगायची.

"आज तरी आला का 'ळ'?" मी एकदा हसत विचारलं.

"न्हाय की," ती म्हणाली. "तुमाला अक्षर लगीच येतंय अक्का, आन् लगीच जातंय. माज्याकडं आलं की चार दिस मुक्कामाला ऱ्हातंय. लई बरं वाटतंय, घरात कुनीतरी असल्यागत."

दिवाळीनंतर ती आलीच नाही. नवऱ्याचं काम सुटलं, गावी गेली म्हणे.

आता मी हातात पडेल ते वाचते. पान उलटलं की मागचं सगळं निघून जातं.

काल परातीतल्या पिठात सहज 'ळ' काढला. त्यावर भाकरी थापायला हात धजेना.