पाण्याची उलटतपासणी

फोन आला तेव्हा मी अकोल्यात होतो, भाचीच्या लग्नाची खरेदी चालली होती. पलीकडून विनूचा मुलगा बोलत होता. "सलीमकाका, बाबा गेले..." आणि माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो असा, "पाण्यात?" पोरगं गोंधळलं. "नाही काका, घरीच. सकाळी चहा पिता पिता." मी दुकानाच्या पायरीवर बसलो आणि रडता रडता मला चक्क हायसं वाटलं. आमच्या ओळखीच्या साऱ्या लोकांनी विनायकराव वकिलांचं मरण कौंडण्यपूरला, वर्धा नदीत ठरवून ठेवलं होतं. विनूनं सगळ्यांना खोटं पाडलं. शेवटची केसही जिंकून गेला बेटा.

मूर्तिजापूरच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. पुढे तो अमरावतीला वकिली करू लागला आणि मीही तिथंच कापडाचं दुकान टाकलं. दर रविवारी आम्ही चार-पाच जण त्याच्या जुन्या गाडीतून कौंडण्यपूरला पोहायला जायचो. घाटावर उतरलो की आम्ही शर्ट काढून तयार, पण वकीलसाहेबांची परवानगी मिळेपर्यंत पाण्याला हात लावायचा नाही. तो काचेच्या ग्लासात पाणी घ्यायचा, उन्हासमोर धरायचा, वास घ्यायचा. मग गुरं धुणाऱ्याला गाठायचा. वर पाऊस झाला काय, नदीत काही मेलेलं वाहून आलं काय, सगळं खोदून खोदून विचारायचा. ही त्याची उलटतपासणी. पूर ओसरल्यावर कित्येक दिवस तो आम्हाला पाण्यात पाय बुडवू द्यायचा नाही, यात्रेच्या गर्दीनंतरही नाही. उन्हाळ्यात डबकी तापून पाण्यावर हिरवी साय धरली की तिथूनच गाडी वळवायचा. त्या कोमट पाण्यात डोकं बुडवू नका, नाकात पाणी गेलं तर त्यातला जंतू मेंदूत शिरून जिवावर बेततं, असं बजावायचा. थंडीत धाडकन उडी मारणाऱ्याला तर तो चारचौघांत झापायचा. "हळू उतर ना बाप्पा, तुय्या काळजाले आधी नोटीस तं दे," असं म्हणायचा.

सगळ्यात शेवटी पायांची हजेरी. आम्ही पायरीवर ओळीनं बसायचो, तळवे वर करून, आणि तो वाकून एकेकाचे पाय बघायचा. जखम दिसली की तो माणूस त्या दिवशी काठावर. तरुणपणी त्याचा थोरला भाऊ पायाला कापलेलं असताना पुराच्या पाण्यात पोहला होता. उंदरांच्या मुतानं नासलेल्या पाण्यातून त्याला ताप आला, डोळे पिवळे झाले आणि तो मरता मरता वाचला. मला निव्वळ खरचटलं होतं तेव्हा मी कुरकुरलो, "विनू, मी काय आरोपी आहे?" तर म्हणे, "आरोपीले जामीन भेटते. तुले भेटणार नाही." बाकीचे फिदीफिदी हसत पाण्यात उतरले आणि मी त्यांचे कपडे राखत बसलो.

एवढ्या वर्षांत एक गोष्ट मात्र आमच्या कुणाच्या डोक्यात आली नाही. वकिलाचे पाय कोण बघणार? त्याला साखरेचा आजार होऊन बराच काळ झाला होता. एका रविवारी तो आमचे पाय बघत पुढे सरकत होता, आणि मला दिसलं की त्यानं जिथून पाय उचलला त्या दगडावर रक्ताचा डाग आहे. "विनू, पाय दाखव तुझा."

"माझा काहून?"

"दाखव म्हटलं ना."

तळव्यात बाभळीचा काटा मोडून बसला होता, आत पू झाला होता, आणि त्याला पत्ता नव्हता. मी काट्याभोवती बोट दाबलं, तरी त्याचा चेहरा हलला नाही. मग एकदम हलला, दुखल्यानं नव्हे, काही दुखलं नाही म्हणून. इतका घाबरलेला विनू मी कधी पाहिला नव्हता. अगदी हळू म्हणाला, "सल्या, मले काहीच समजून नाही राहिलं रे."

डॉक्टरांनी साफ सांगितलं, नीट भरलं नाही तर पाय काढावा लागेल. पोहणं बंद. मला वाटलं, आता हा खचणार. कुठला खचतो! पट्टी बांधलेला पाय घेऊन दर रविवारी गाडीत हजर. घाटावर खुर्ची टाकून बसायचा, ग्लास उन्हासमोर धरायचा, आणि आम्ही पोहत असताना काठावरून आमच्या हातपाय मारण्यावर टीका करायचा. पण आम्ही बाहेर आलो की आमच्या ओल्या अंगांकडे असा बघायचा की मला टॉवेल गुंडाळायचीही लाज वाटायची.

पाय वाचला. भरायला फार दिवस लागले, पण भरला. डॉक्टरांनी दोन अटी घातल्या: पाण्यात रबरी बूट घालायचे आणि रोज तळवे तपासायचे. ऐन हिवाळ्यात तो निळे बूट घालून वर्धेत उतरला. आम्ही हसून हसून गुदमरलो, घाटावर धुणं धुणाऱ्या बायासुद्धा हसल्या. त्याला त्याचं काय? गुडघ्यापर्यंत गेला, थांबला, मग कमरेपर्यंत, मग खांदे बुडाले, आणि पाठीवर पडून तो आभाळाकडे बघत राहिला. "सल्या," म्हणाला, "पाणी गार आहे... मले समजून राहिलं." पुढे तीन हिवाळे तो पोहला, बुटांसकट. मी आयुष्यात कुणाला इतकं खूश पाहिलेलं नाही.

तो गेल्यावर काही आठवड्यांनी मी त्याच्या घरी सुमनवहिनींना भेटायला गेलो. चहा झाला. बोलता बोलता त्या म्हणाल्या, "सलीमभाऊ, रोज सकाळी चहा झाला की मी चष्मा लावायची अन् ह्यांचे तळवे पाहायची. ते पेपर वाचत बसायचे. आता चहा होते, मी चष्मा लावते... अन् बसून राहते."

मी मोजे काढले आणि दोन्ही पाय समोरच्या स्टुलावर ठेवले. वहिनींनी चष्मा सारखा केला, खिडकीचा पडदा बाजूला केला आणि वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं.

"टाचेले चीर आहे," त्या म्हणाल्या. "या रविवारी पाण्यात उतरायचं नाही."

"थोडीशीच आहे, वहिनी."

"नाही म्हणजे नाही." आणि विनू गेल्यानंतर पहिल्यांदाच त्या हसल्या.

त्या रविवारी सगळे पोहले. मी काठावर बसून त्यांचे कपडे राखले.