वरच्याचं पथ्य

वरचा म्हणजे कोणी पोहोचलेला साधू नव्हे. गेली एकोणीस वर्षं उंच क्रेन चालवतो, म्हणून वरचा. सकाळी पावणेआठला शिडीला लागायचं, दमछाक करत काचेच्या खोक्यात जाऊन बसायचं आणि संध्याकाळशिवाय खाली उतरायचं नाही, कारण मध्येच उतरून पुन्हा चढायचं म्हणजे गुडघ्यांची वाट. म्हणून जेवणाचा डबा वर, पाण्याची बाटली वर, आणि दुसरीही एक बाटली वर. ती कशाची हे विचारू नये. खाली उभा राहून वॉकीटॉकीवर ‘घे, घे, घे, सावकाश रे बाबा, बास!’ असं दिवसभर ओरडणारा तो खालचा. दोघांचा संसार असा साठ मीटरांचा.

वरच्याला गोड खायची खोड होती आणि ती लपवायची त्याहून मोठी. कंपनीच्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदा ‘साखर वाढलीय’ म्हणून सांगितलं तेव्हा याने शाळकरी पोरासारखी मान डोलावली. दुसऱ्याच आठवड्यात खालच्याला पटवून सळ्यांच्या बंडलाला क्रीमच्या बिस्किटांचा पुडा बांधायला लावला आणि वर ओढून घेतला. तो पुडा हवेत गोल गोल गिरक्या घेत चालला तेव्हा सगळी साइट माना वर करून बघत होती. त्यांत साहेबही होते.

मग डॉक्टरीणबाई चिडल्या. त्यांच्या प्रत्येक वाक्याला शेवटी एक ‘ओके?’ लागायचा.

“तीन महिने देते. ओके? तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी असते, तिथे लपवाछपवी चालत नाही. आकडा सातच्या आत आला तर बसा तुमच्या खोक्यात. नाही आला तर खाली. तुम्हाला वर चक्कर आली तर दोन टन लोखंड कोणाच्या डोक्यात जाईल? ओके?”

“ओके,” वरचा म्हणाला. आणि या वेळी तो खरंच ओके होता.

कारण खाली म्हणजे काय ते त्याला माहीत होतं. खाली म्हणजे स्टोअर. पत्र्याची खोली, ट्यूबलाइट, आणि दिवसभर ‘हातमोजे कुठल्या मापाचे देऊ?’ खाली त्याला बसमध्ये कोणी सरकून जागा देत नसे, दुकानदार त्याच्या डोक्यावरून मागच्या गिऱ्हाइकाशी बोलत असे. वर मात्र त्याने दोन बोटं हलवली की अख्खा तयार जिना उचलला जाऊन चौथ्या मजल्यावर अलगद टेकायचा, अंडं ठेवावं तसा. त्या दोन बोटांसाठी त्याने बिस्किटं सोडली, पाव सोडला, भात सोडला, बटाटा सोडला. चहात साखर घालणाऱ्याकडे तो आता तुच्छतेने बघू लागला.

घरी ताई होती. ताई त्याच्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता. तेव्हापासून नाक पुसण्यापासून पगाराचा पहिला शर्ट निवडण्यापर्यंत त्याचं सगळं तिनेच केलं. दोघांचीही लग्नं जमता जमता राहून गेली. दोन खोल्या, एक ओट्यावरचा ओव्हन, आणि ताईचं बोलणं. ते कधी बंद नसायचं.

डॉक्टरीणबाईंनी पथ्याचा एक कागद दिला होता. त्यात तळण नाही, मैदा नाही अशा ओनियन रिंग्ज होत्या. कांद्याच्या जाड गोल चकत्या कापायच्या, एकेक कडी सुटी करायची, आतली पातळ पापुद्र्यासारखी साल काढायची, नाहीतर वरचं आवरण सगळं घसरून येतं. मग गार पाण्यात ठेवून फडक्याने टिपायच्या, अंड्यात बुडवायच्या, बदामाचं पीठ आणि किसलेलं चीज यांत घोळवायच्या आणि कडक ओव्हनमध्ये भाजायच्या.

पहिले चार दिवस ताईने कागदाबरहुकूम केलं. रिंगा आल्या त्या मऊ, ओल्या, जागोजागी कांदा उघडा पडलेला. वरच्याने एक दाताखाली घेतली.

“ताई, रागावू नको. पण चपलेचा अंगठा भिजवून खाल्ल्यासारखं वाटतंय.”

“मग घाल पायात,” ताई म्हणाली आणि ताट उचलून आत गेली. आतून भांड्यांचा आवाज जरा जास्तच आला.

पाचव्या दिवशी मात्र डबा उघडला तर काय! सोनेरी, कडक, एकसारख्या. वरच्याने एक तोंडात टाकली आणि वॉकीटॉकीचं बटण दाबून चावली.

“कुर्रर्र” असं खाली ऐकू आलं.

“अरे, केबल तुटली काय?” खालचा दचकून ओरडला.

“केबल नाही रे, कांदा! पथ्याचा कांदा! ताईच्या हाताला काय चव आलीय, सांगता सोय नाही.”

त्या दिवसापासून त्याने सकाळी रिंगा, दुपारी रिंगा, रात्री जेवताना रिंगा असा सपाटा लावला. पथ्याच्याच म्हटल्यावर मोजायच्या कशाला? घरी येऊन तो ताईचं तोंडभरून कौतुक करायचा, शेजारच्या मावशींना हाक मारून चव बघायला लावायचा. ताई म्हणायची, “चल, काहीतरीच तुझं,” आणि पदराने उगाच ओटा पुसायची. दर पंधरा-वीस दिवसांनी तो स्वतः दुकानात जाऊन बदामाच्या पिठाचं पाकीट आणायचा आणि तिच्या हातात ठेवायचा.

साहेबांच्या मुलीचा वाढदिवस झाला, साइटवर केक आला. खालच्याने रेडिओवर लाडीगोडी लावली. “वरचे, वर पाठवू का तुकडा? चॉकलेटचा आहे. कोणाला कळणार नाही. मी शपथेवर आंधळा.”

“मला कळेल,” वरचा म्हणाला. असं वाक्य आपल्या तोंडून निघालं याचं त्यालाच इतकं नवल वाटलं की ते त्याने दिवसभर मनात दोन-तीनदा म्हणून बघितलं.

तीन महिने झाले. रिपोर्टच्या दिवशी घरच्या माणसाला घेऊन यायला सांगितलं होतं म्हणून ताई बरोबर आली. वरच्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता. डॉक्टरीणबाईंनी कागद उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला.

“आठ पूर्णांक तीन. मागच्या वेळी आठ पूर्णांक पाच होता.”

“म्हणजे?”

“म्हणजे तुम्ही पथ्य पाळलेलं नाही. ओके?”

“बाई, मी काही म्हणजे काही खाल्लेलं नाही.” त्याचा आवाज चढला. “केकसुद्धा नाही. विचारा खालच्याला.”

“बिस्किटं ज्याने वर पाठवली तोच खालचा ना?” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. शेजारची नर्स तोंडावर हात ठेवून हसली.

वरच्याने ताईकडे पाहिलं. आता ही बोलेल. ही रोज डबा भरते, हिच्याइतकं कोणाला माहीत?

ताईने त्याच्या हातावर हात ठेवला. “अरे, सांगून टाक ना खरं काय ते. डॉक्टरांपासून काय लपवायचं?” मग डॉक्टरीणबाईंकडे वळून म्हणाली, “लहानपणापासूनचंच आहे हो याचं. साखरेच्या डब्यात बोट घालायचा, आणि मी नाहीच म्हणायचा. ओठाला इथे साखर चिकटलेली!”

आता डॉक्टरीणबाईही हसल्या. “ठीक आहे. एक करा. जे खाल ते वजन करून वहीत लिहा. आठवड्याने ताईंना घेऊन या. तोवर खाली. ओके?”

या वेळी वरचा ओके म्हणाला नाही.

दुसऱ्या दिवशी तो स्टोअरमध्ये बसला. क्रेनवर कोणीतरी नवा चढला होता. भार झोकांड्या खात चालला होता. खालचा हेल्मेट बदलायच्या निमित्ताने आला.

“काय वरचे, आता तुम्हाला काय म्हणायचं? मधले?” मग जरा जवळ येऊन म्हणाला, “पण खरं सांगा हं, मी कोणाला नाही सांगणार. काय खात होतात?”

“कांदे,” वरचा म्हणाला. “कुठल्या मापाचे हातमोजे?”

सुट्टीच्या दिवशी सकाळी ताई चष्म्याचा नंबर तपासायला गेली. वरच्याने वही काढली, शेजारच्या मावशींचा वजनकाटा मागून आणला आणि ठरवलं, आज रिंगा आपणच करायच्या, म्हणजे लिहिणंही चोख होईल. कांदे कापले, अंडं फेटलं. पिठाचा डबा उघडून चमचा घातला आणि थांबला.

पीठ पांढरंफेक होतं. चिमटीत धरलं तर रेशमासारखं सरकलं आणि मध्येच करकरलं. बदामाचं पीठ असं नसतं. पहिले चार दिवस त्याने ते ओट्यावर बघितलं होतं. जरा रवाळ, पिवळसर, तेलकट. त्याने कपाट उघडलं. वरच्या कप्प्यात, मोठ्या पातेल्याच्या मागे, त्यानेच आणलेली पाकिटं उभी होती. एक फोडून कपड्याचा चिमटा लावलेलं. बाकीची चार जशीच्या तशी, दुकानातून आली तेव्हाच्या चिकटपट्टीसकट.

कुठलाही भार एकदम उचलायचा नाही, आधी वीतभर उचलून थांबायचं, बघायचं, ही त्याची एकोणीस वर्षांची सवय. त्याने घाईने काही ठरवलं नाही. फोडलेल्या पाकिटातलं पीठ घेऊन, कागदाबरहुकूम, वजन करून रिंगा भाजल्या. अर्ध्या वेळाने उलटल्या. बाहेर काढल्या तर मऊ, ओल्या, जागोजागी कांदा उघडा पडलेला.

ताई आली तेव्हा तो ट्रे समोर घेऊन बसला होता.

“अगंबाई, तू केल्यास? कांदा नीट टिपला नाहीस तू. म्हटलं मी तुला, टिपल्याशिवाय...”

“ताई, डब्यात काय आहे?”

“पीठ.”

“कसलं?”

“पिठाला काय कसलं विचारतोस!” तिने पिशवी खुंटीला अडकवली, पुन्हा काढली, पुन्हा अडकवली. “मैदा आहे थोडा. कॉर्नफ्लॉवर. आणि रंग यावा म्हणून चिमूटभर साखर. चिमूटभरच हं!”

“रोज?”

“तूच म्हणालास चपलेचा अंगठा! म्हटलं, एक दिवस मैदा घालून बघावं, मग सांगू त्याला. तर तू इतका खूश झालास! मावशींना बोलावलंस. मी इतकी वर्षं चुलीपाशी आहे, कधी कोणी माझ्या हाताला चव आहे म्हटलं नव्हतं रे. मग कुठल्या तोंडाने सांगू?”

इथपर्यंत वरच्याला समजत होतं. राग येत होता, पण समजत होतं.

“बरं. आणि डॉक्टरांसमोर? तेव्हा तुला माहीत होतं. तरी मला म्हणालीस, खरं सांग म्हणून.”

ताईने त्याच्याकडे अगदी सरळ पाहिलं. तिच्या डोळ्यांत लबाडी नव्हती, हेच वाईट.

“अरे, पण मला वाटलं, तू वर काहीतरी खातच असणार. तू काय तीन महिने पथ्य पाळणार होतास थोडाच? म्हटलं, हा तिथे बिस्किटं खातोय, त्यात माझ्या दोन चमच्यांनी काय होतंय!”

तीन महिने. केक नको म्हटला त्या संध्याकाळी त्याने घरी येऊन तिला सगळं रंगवून सांगितलं होतं, खालच्याची नक्कल करून. ती हसली होती, “शहाणा माझा” म्हणाली होती. आणि त्या वेळीही तिचा विश्वास नव्हता.

“डॉक्टरांना सांगशील?” त्याने विचारलं.

“सांगेन की. त्यात काय एवढं.”

आठवड्याने दोघं पुन्हा गेले. डॉक्टरीणबाईंनी वही चाळली. “बदामाचं पीठ साठ ग्रॅम, वा! आता कशी शिस्त आली. हे आधी का नाही केलंत? नक्की काय चुकत होतं तुमचं?”

वरच्याने उत्तराची जागा ताईसाठी रिकामी सोडली होती. ताई पर्सच्या चेनीत अडकलेला दोरा सोडवत होती. तो चांगलाच अडकलेला असावा.

“चुकत होतं काहीतरी,” शेवटी वरचाच म्हणाला.

“तीन महिन्यांनी पुन्हा तपासू. तोवर स्टोअरच. ओके?”

रस्त्यावर आल्यावर ताईने मोठा श्वास सोडला आणि त्याच्या दंडाला धरलं. “बरं केलंस हो, बोलला नाहीस. घरातलं घरातच राहिलं.”

बसथांब्याच्या अलीकडे हार्डवेअरचं दुकान होतं. वरचा दंड सोडवून आत गेला आणि एक कडी, चार स्क्रू आणि बोटभर कुलूप घेऊन आला.

“हे कशाला रे?”

“पिठाच्या डब्याला.”

ताई खळखळून हसली. तिला ती त्याची नेहमीचीच थट्टा वाटली. त्याने दोन्ही किल्ल्या शर्टाच्या खिशात टाकल्या, खिशाचं बटण लावलं, आणि बस आली तेव्हा पुढच्या दाराने चढला. ताई नेहमीसारखी मागच्या दाराशी उभी होती.