ब्रेकडाउनचे अर्थ

मदन महल भागातल्या एका कोचिंग क्लासात मी स्पर्धा परीक्षांच्या मुलांना इंग्रजी शब्द शिकवते. एखादी गोष्ट सुटी करून तपासायची म्हटलं, तर इंग्रजीत प्रत्येक धंद्याचा शब्द वेगळा. वाक्य असेल तर ‘पार्स’, बेडूक असेल तर ‘डिसेक्ट’, धातूचा कस बघायचा तर ‘अ‍ॅसे’. ‘स्कॅन’ दवाखान्यात पोटाचा होतो आणि वर्गात कवितेच्या वृत्ताचा, फक्त कवितेला उपाशीपोटी यावं लागत नाही. हा विनोद मी दर बॅचला करते आणि दर बॅचला मीच आधी हसते.

‘ब्रेकडाउन’ हा त्या यादीतला सगळ्यात सोपा शब्द. मोठ्या गोष्टीचे भाग पाडून दाखवणं. आपण फोड करून सांगणं म्हणतो, तेच. गेल्या हिवाळ्यात हा शब्द मी फळ्यावर लिहिला, मुलांकडे वळले आणि मला पुढचं बोलताच येईना. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. पूर्ण वर्ग माझ्याकडे बघत होता. कोणीतरी बाबांना फोन केला आणि ते मला स्कूटरवर बसवून घरी घेऊन आले.

डॉक्टरांनी आजाराचं लांबलचक नाव सांगितलं, गोळ्या दिल्या आणि दोन महिने विश्रांती घ्यायला सांगितलं. आईला ते नाव काही जमलं नाही. स्वयंपाकघराचं दार लोटून ती मावशीला फोनवर सांगत होती, “नर्व्हस ब्रेकडाउन झाला म्हणे. कुठं बोलू नको हं.” माझाच शब्द, बंद दाराआडून माझ्याकडे परत आला होता. मला भयंकर लाज वाटली. त्याहून मोठी भीती ही, की आता आपण पुन्हा कधी फळ्यासमोर उभे राहू शकणार नाही. शिकवण्याखेरीज मला दुसरं काही येत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर दुसरं काही आवडतही नव्हतं.

बाबा खमरियाच्या फॅक्टरीत मेंटेनन्सचे फिटर होते. ‘ब्रेकडाउन’ हा शब्द त्यांनी जन्मभर रोज ऐकला, आणि त्यांच्या लेखी त्याचा अर्थ एकच. मशीन थांबलं, हत्यारं घ्या आणि चला. त्यांची तपासायची तऱ्हाही साधी होती. स्क्रू ड्रायव्हरचं टोक चालत्या मशीनला टेकवायचं, त्याची मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटून मशीनच्या आतला आवाज ऐकायचा.

ते आईला म्हणाले, “ब्रेकडाउन झाला तर लपवायचा काहून? लपवून चालवत राहिलं, तर मोटर जळते.”

मग त्यांनी बुटाच्या खोक्याचं झाकण घेतलं, त्यावर लाल स्केचपेननं लिहिलं, ‘मशीन बंद है। हाथ न लगाएँ।’ आणि फॅक्टरीत दुरुस्तीला थांबवलेल्या मशीनवर टांगतात तशी ती पाटी सुतळीनं माझ्या खोलीच्या कडीला टांगली. आई भडकली. “पोरीला मशीन म्हणून राहिले तुम्ही?”

“मशीनला कोणी बोल लावत नाही,” बाबा म्हणाले. “पहिले विचारतात, लोड किती होता.”

आणि त्यांनी खरोखरच विचारलं. कागद घेऊन पलंगाच्या कडेला बसले. सकाळची बॅच, दुपारची बॅच, संध्याकाळची बॅच, रविवारच्या टेस्ट, घरी आणलेले पेपर, सगळं एकाखाली एक लिहून काढलं. “तीन शिफ्टा एकटीच चालवून राहिली होती तू,” ते म्हणाले. मी तो कागद बघत राहिले. माझ्या अर्थाचा ब्रेकडाउन मला त्यांनी करून दाखवला होता.

पाटी राहिली. आई आधी तिच्याकडे बघायचीही नाही. मग एकदा मावशी आली आणि तडक माझ्या खोलीकडे निघाली, तेव्हा आईनंच तिला अडवलं. “पाटी दिसली नाही का?” मी आत पांघरुणात तोंड घालून खूप दिवसांनी हसले.

होळीनंतर मला जरा हुरूप आला. सोमवारपासून क्लासला जाते, म्हटलं, आणि पाटी काढायला हात घातला. बाबांनी थांबवलं. “जो लावतो, त्यानंच काढायची. आणि पहिले बिनालोड चालवून पाहू. चलो.”

रविवारच्या टेस्ट आता दुसरे सर घेत होते, सकाळी. त्या रविवारी दुपारी क्लास रिकामा होता. बाबांनी किल्ली मागून आणली आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसले. मी मार्कर उघडला. पार्स, डिसेक्ट, अ‍ॅसे लिहिलं. कवितेचा विनोद केला, तो कोणी ऐकतंय असं वाटेना, कारण बाबांनी डोळे मिटले होते. झोपलेच, मला वाटलं. ‘ब्रेकडाउन’पाशी अडले, तरी लिहिलं. माझा अर्थ सांगितला. बाबांचा सांगितला. मग आईनं दार लोटून सांगितलेला तिसराही सांगितला, मोठ्यानं, शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा.

बाबांनी डोळे उघडले. मान तिरपी होती, एक कान माझ्याकडे.

“आवाज बरोबर येऊन राहिला,” ते म्हणाले. “चल, पाटी काढू.”