छर्र्याचा पट्टा

त्या हिवाळ्यात काश्मीरमधल्या एका पोस्टवर आम्ही अकरा जण होतो, आणि एक कुत्रा. मी हवालदार, सेक्शन कमांडर. कुत्र्याची आई मेंढपाळांच्या तांड्यातली, बाप कोण ते तिलाच ठाऊक. उंची माझ्या बुटाएवढी. बंदुकीतून सुटल्यासारखा पळायचा, म्हणून नाव छर्रा.

तसा तो लान्स नायक काशिनाथ कोळीचा. काशिनाथ उरणजवळच्या मोऱ्याचा, घरची होडी. मी पनवेलचा, म्हणून मला गाववाला म्हणायचा, ड्युटीवर मात्र उस्ताद. त्याची आई पार्सलमधून सुके बोंबील पाठवायची. बोंबील भाजायला घेतले की निम्मे जवान बंकरबाहेर उभे राहायचे. काशिनाथ आणि छर्रा मात्र एका ताटलीत जेवायचे.

पेट्रोलवर, म्हणजे गस्तीवर, छर्रा काशिनाथच्या पायात पायात चालायचा. तिथवर ठीक होतं, पण भुंकायचाही. पेट्रोलवर भुंकणारा कुत्रा म्हणजे शत्रूला आवतण. आदल्या दुपारी मी ऑर्डर दिली.

"उद्या छर्रा पोस्टवर राहील. बांधून."

"ठीक हाय, उस्ताद," काशिनाथ म्हणाला. सकाळी त्यानेच दोरी बांधली.

सातला निघालो. नऊ वाजून वीस मिनिटांनी डावीकडचा उतार सुटला. आवाज फार मोठा नव्हता. बर्फ थांबल्यावर मोजणी केली. एक कमी. मी वायरलेसवर कळवलं.

"टायगर, ब्राव्हो वन. स्लाइड. एक जवान आत. ओव्हर."

"ब्राव्हो वन, कोण? ओव्हर."

"लान्स नायक कोळी. ओव्हर."

दोन तास आम्ही सळ्या खुपसल्या, फावडी मारली. सगळी चुकीच्या जागी. मग पोस्टवरच्या कुकने आपल्या अकलेने छर्र्याची दोरी सोडली. तो आमच्या पावलांवरून धावत आला, आमच्यापासून वीस पावलांवर थांबला आणि उकरू लागला. चार फुटांखाली काशिनाथ होता. श्वास थांबलेला, पण अंग अजून ताठरलं नव्हतं.

छर्रा आमच्याबरोबर असता तर? हा प्रश्न मी त्या दिवसापासून मनात ठेवला. कुणाला बोललो नाही.

निवृत्त झालो तेव्हा सुभेदार होतो. तोवर पलटणीबरोबर फिरलेल्या छर्र्याला येताना घेऊन आलो. विचुंब्याचा आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. बर्फातलं जनावर पनवेलच्या उकाड्यात ठेवायचं म्हणजे नाकी नऊ. ओलं गोणपाट अंथरायचं, पंखा त्याच्यासाठी चालू, आम्ही घामाघूम. सोफ्याचा एक हात त्याने खाल्ला, माझ्या चार चपला खाल्ल्या. पहाटे पाचला माझ्या छातीवर उभा. एवढा कडक बिगुल मी फौजेतही ऐकला नव्हता.

पट्टा मात्र मी त्याला कधी लावला नाही. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, माझी बायको मालती तर रोज म्हणायची, "अहो, एक दिवस गाडीखाली येईल तो." तिने लाल पट्टा आणूनही ठेवला. मी दाराआड खुंटीला टांगला. एकदा बांधला होता, तेवढं पुरे, हे तिला कसं सांगणार?

वर्षातून एकदा त्याला मोऱ्याला न्यायचो. काशिनाथची आई, मी आणि मालतीही तिला आयेच म्हणायचो, त्याला मांडीवर घेऊन बोंबील भरवायची. मी शेजारी चहा पीत बसायचो. बर्फाचं सांगितलं होतं, दोरीचं कधीच नाही. गोळीबारात मान खाली घातली नाही मी, पण त्या म्हातारीपुढे घालायचो.

गेल्या माघात सकाळी पावणेसातला फिरून येत होतो. रस्त्यापलीकडे एका मावशीने सुक्या मासळीची पाटी उतरवली. छर्र्याने नाक वर केलं. मी "थांब" म्हणेपर्यंत तो रस्त्याच्या मधोमध होता. टेम्पोवाल्याची चूक नव्हती. त्याने ब्रेक मारला, खाली उतरला, रडायला लागला. छर्रा माझ्या हातांवर पाच मिनिटं होता.

त्याला गाडीने मोऱ्याला नेलं. आयेच्या परसात, शेवग्याखाली खड्डा खणला. खणता खणता माझा धीर सुटला. इतकी वर्षं कोंडलेलं सगळं बोललो. ऑर्डर माझी, दोरी माझ्या सांगण्यावरून, म्हणून काशिनाथ वेळेवर सापडला नाही.

आयेने छर्र्याच्या पाठीवरून हात फिरवला.

"माना ठावं हाय," मग ती म्हणाली. "आदल्या सांजला त्याचा फोन आलता. हसत होता. बोलला, आये, उद्या छर्र्याला बांदून ठेवनार हाव. बरा झाला. माजे पायातशी हलत नाय त्यो. बर्फ आयला तं माजेबरोबर गाडला जाईल."

"आये, तू हे कधी बोलली नाहीस."

"तू कवा इचारलास, बाला?"

तिने घरातून दोन बोंबील आणले आणि छर्र्याच्या तोंडाशी ठेवले. मी माती लोटली. मग सवयीने सावधान झालो आणि सॅल्यूट केला, लान्स नायक काशिनाथ कोळीला आणि त्याच्या कुत्र्याला.

लाल पट्टा अजून दाराआड आहे. काशिनाथला छर्र्याच्या जिवाची काळजी होती, म्हणून त्याने माझी ऑर्डर हसत पाळली. मी मात्र ती पुन्हा कधी दिली नाही.